फिल्टरचा डबा बदलण्याआधी दोन मीटर नळी आणा

विचारलंय ते थोडक्यात असं. १.६ लिटरचं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, गाडीला सहा वर्षं झालीत. मित्राने त्याच्या गाडीचा कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून तिथे उघडा ‘कोन’, म्हणजे शंकूच्या आकाराचा, फिल्टर बसवला. तो सांगतो की पिकअप वाढला आणि ॲव्हरेजही सुधारलं. मग आपणही डब्यासकट सगळा इन्टेक, म्हणजे इंजिनापर्यंत हवा आणणारी सगळी वाट, बदलावा का? ते नको असेल तर निदान आहे त्या डब्यात धुऊन वापरायचा कापडी फिल्टर घालावा का?

पंचवीस वर्षं इंजिनांवर काम करतोय आणि त्यातली बरीचशी लोकांना हवे ते डबे बसवून देण्यात गेली. माझं उत्तर: तुमच्या गाडीला बहुतेक नको. पण माझ्या या ‘बहुतेक’वर विसंबू नका, कारण हा प्रश्न मतांचा नाहीच. कंपनीचा डबा इंजिनाचा श्वास किती अडवतो ते घरच्या घरी, सेंटिमीटरमध्ये मोजता येतं. एकदा मोजलं की नवा डबा जास्तीत जास्त काय देऊ शकेल याची वरची हद्द कळते. त्या हद्दीपलीकडे कुठलाच डबा जात नाही, मग तो कार्बन फायबरचा असो की आणखी कशाचा.

आधी थोडा हिशोब. फोर स्ट्रोक इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा भरतो. म्हणजे १.६ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेऱ्या) मिनिटाला ४८०० लिटर हवा घेतं. सेकंदाला ८० लिटर. वीस लिटरच्या चार बादल्या, दर सेकंदाला. (प्रत्यक्षात सिलिंडर काठोकाठ भरत नाही, म्हणून थोडी कमी धरा.) इंजिन हवा ओढतं असं आपण म्हणतो खरं, पण पिस्टन खाली जाऊन फक्त जागा करून देतो. आत ढकलणारा असतो तो बाहेरच्या हवेचा दाब, समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कलच्या आसपास. वाटेत जाळी, नळी, वाकण, फिल्टर जे जे लागेल ते या दाबातून आपापला वाटा कापून घेतं. थ्रॉटलपाशी (ॲक्सिलरेटर दाबला की उघडते ती झडप) ९९ पोचला तर दोन किलोपास्कल वाटेत गेले. टर्बो नसलेल्या इंजिनाची पूर्ण थ्रॉटलवरची ताकद ढोबळमानाने याच दाबाच्या प्रमाणात चालते, तेव्हा एक किलोपास्कल गेला की एक टक्का गेला. ११० हॉर्सपॉवरच्या इंजिनात तो एक घोडा आणि त्याची शेपटी.

हे केवढं असतं त्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. समुद्रसपाटीजवळ साधारण ८५ मीटर खाली उतरलं की हवेचा दाब एक किलोपास्कलने वाढतो. दोन किलोपास्कल वाचवणारा डबा बसवणं म्हणजे तीच गाडी १७० मीटर खालच्या रस्त्यावर चालवणं. एखादी टेकडी उतरल्यावर ‘वा, काय पिकअप आला’ असं तुम्हाला कधी वाटलंय का, ते आठवून बघा.

एक किलोपास्कल म्हणजे पाण्याची १०.२ सेंटिमीटर उंची. नळी लागते ती इथे.

आतून पाच-सहा मिलिमीटरची पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या, दोन मीटर. फळीवर ती यू आकारात बांधा, दोन्ही बाजू निदान ६० सेंटिमीटर उंच. निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा, पाण्यात बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक उघडं. दुसऱ्या टोकापासून एक बारीक नळी बॉनेटखाली नेऊन फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या रबरी होजला छोट्या निपलने जोडा. निपलचं टोक होजच्या आतल्या भिंतीशी सपाट हवं. ते वाहत्या हवेत घुसलं की आकडा खोटा येतो, आणि तो खोटा आहे हे कळतही नाही. मधे एक रिकामी छोटी बाटली जोडून ठेवा, म्हणजे चुकून पाणी चढलंच तर ते बाटलीत उतरेल, इंजिनात जाणार नाही. मग रिकामा, लांब चढ शोधा, शेजारी कुणाला तरी फळी धरून बसवा, आणि दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून आरपीएम वरच्या टोकापर्यंत न्या. इन्टेककडच्या बाजूचं पाणी वर चढतं, उघड्या बाजूचं खाली जातं. दोन पातळ्यांमधलं अंतर हा तुमचा आकडा. वाचायचं शेजाऱ्याने, तुमची नजर रस्त्यावर. काम झालं की भोक पक्कं बंद करा. ते फिल्टरच्या पुढे आहे, तिथून शिरलेली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

माझ्याकडे आलेल्या, टर्बो नसलेल्या साध्या गाड्यांत स्वच्छ फिल्टर असताना हा आकडा बहुतेक वेळा १० ते २५ सेंटिमीटरमध्ये असतो. १५ च्या आत आला तर मी डब्याला हात लावू देत नाही. ३० च्या वर गेला तर कुठे तरी खरंच अडतंय आणि शोध घेण्यात अर्थ आहे. मधल्या आकड्यांना आधी नवा कागदी फिल्टर घालून पुन्हा मोजायचं. कित्येकदा प्रकरण तिथेच मिटतं.

होजला भोक पाडायला जीव धजत नसेल तर दुसरी वाट आहे. गाडीत मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलनंतर सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजणारा) असेल तर सेन्सरचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावा, चावी ऑन करा पण इंजिन सुरू करू नका. त्या वेळी मॅनिफोल्डचा जो दाब दिसेल तो बाहेरच्या हवेचाच असतो. मग पूर्ण थ्रॉटलवर, वरच्या आरपीएमला तोच आकडा बघा. आधी १०० दिसला आणि आता ९७, तर फरक तीन. या तिनात थ्रॉटल बॉडी आणि मॅनिफोल्डचाही वाटा आला, म्हणजे डब्याच्या वाट्याला याहून कमीच. स्कॅनर बहुधा पूर्ण किलोपास्कलमध्येच दाखवतो, त्यामुळे हे माप जाडंभरडं, पण ‘तीनच्या वर काही मिळणार नाही’ एवढं ते ठासून सांगतं.

आता समजा पाणी ३० सेंटिमीटर चढलं. तरी लगेच डबा बदलायचा नाही. फिल्टरच्या अलीकडे, डब्याच्या खालच्या भागातही एकदा नळी लावा. दोन आकड्यांची वजाबाकी केली की फिल्टर किती खातो आणि त्याच्या आधीची सोंड किती खाते ते वेगळं होतं. सोंड म्हणजे ग्रिलच्या मागून किंवा फेंडरमधून डब्यापर्यंत हवा आणणारी चपटी नळी. माझा अनुभव असा, की कंपनीच्या इन्टेकमध्ये अडलेलंच असेल तर ते बरेचदा या सोंडेच्या तोंडाशी अडलेलं असतं. फिल्टरचा कागद घड्या घालून बसवलेला असतो. त्या घड्या उलगडल्या तर एका माणसाला निजायला पुरेल एवढा पसारा होतो, त्याला ८० लिटर हवा जड नाही. सोंड मात्र बॉनेटखालच्या फटीतून वाट काढत येते, तिला चपटं व्हावंच लागतं. अशा वेळी दुसरी मोठी सोंड किंवा तिच्या तोंडाला गोलाई देणं एवढ्यावर भागतं. डबा, फिल्टर, सेन्सर सगळं जागच्या जागी राहतं.

एकदा एक डिझेल गाडी आली. मालकाची तक्रार अशी की गाडी ओढत नाही, आणि त्याने नवा इन्टेक किट मागवूनही ठेवला होता. डब्याचं झाकण काढलं तर फिल्टर बरा होता. सोंडेत बोट घातलं आणि काहीतरी मऊ लागलं. उंदराने सीटमधला फोम आणि सुकी पानं आणून आत मस्त गादी केली होती. ती गादी काढल्यावर गाडी पूर्ववत पळायला लागली. किट खोक्यासकट परत गेला. किट बसवला असता तरी गाडी पळालीच असती, आणि मग तो माणूस आयुष्यभर किटचे गुण गात बसला असता.

इथेच तुमच्या मित्राची गोष्ट येते. तो खोटं बोलत नाही, त्याला फरक जाणवलाच असेल. पण त्याने तुलना कशाची कशाशी केली? नव्याकोऱ्या कोनची, बऱ्याच दिवसांच्या मळलेल्या कागदाशी. शिवाय आवाज. कंपनीचा डबा हा हवा गाळणारा डबा जितका, तितकाच सायलेन्सरही असतो. व्हॉल्व्ह उघड-मिट करतात तेव्हा इन्टेकच्या वाटेने उलटे दाबाचे धक्के बाहेर येतात आणि ती घरघर डब्याच्या पोकळीत विरते. सोंडेला चिकटवलेली एखादी बंद बाटलीसारखी कुपी दिसते ना, तिच्यातून हवा वाहत नाही. ती हेल्महोल्ट्झ रेझोनेटर. ठरावीक सुरातला आवाज मारण्यासाठी तिथे असते. ‘ही फालतू अडगळ’ म्हणून लोक तीच आधी उपटतात. डबा गेला की ती सगळी घरघर केबिनमध्ये येते, आणि मोठ्या आवाजाचं इंजिन जोरकस वाटतं. आवाज आवडणं यात गैर काही नाही. मलाही आवडतो. फक्त आवाजासाठी घेत असाल तर आवाजासाठी घेतोय असं स्वतःशी कबूल करून घ्या.

बरं, मिळणारा टक्का-दोन टक्का तरी कधी मिळतो? वरच्या आरपीएमला, पूर्ण थ्रॉटलवर. नळ्या आणि वाकणांमधला दाबाचा तोटा प्रवाहाच्या वर्गाने वाढतो: हवा निम्मी झाली की तोटा चौथाई. ६००० ला दोन किलोपास्कल खाणारी सोंड ३००० ला अर्धा किलोपास्कलच खाते. रोज तुम्ही इंजिन ज्या पट्ट्यात चालवता तिथे वाचवण्यासारखं काही उरतच नाही.

ॲव्हरेजचं तर त्याहून सोपं. सपाट रस्त्यावर सावकाश चालताना पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल बराचसा मिटलेला असतो. मॅनिफोल्डमधला दाब तेव्हा ४०-५० किलोपास्कलवर आलेला असतो, म्हणजे निम्मा दाब आपणच हाताने, खरं तर पायाने, अडवून ठेवलेला असतो. घराचा दरवाजा लोटून घेतलाय आणि अंगणाचं फाटक रुंद करायचं चाललंय, असा हा प्रकार. फाटक रुंद झालं तर दरवाजा केसभर आणखी लोटला जाईल, आत येणारी हवा तेवढीच. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम फिल्टर चोंदवून हे तपासलं. फ्युएल इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांत ॲव्हरेजवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही, वेग घ्यायला मात्र जास्त वेळ लागला. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत ॲव्हरेजही घसरलं होतं. ‘फिल्टर साफ केला की ॲव्हरेज वाढतं’ ही समजूत त्या काळातून आलेली आहे, आणि त्या काळापुरती खरीही होती.

आतापर्यंत फायदा बघितला. तोट्याची बाजू जास्त वजनदार आहे, आणि तिच्यात पहिला नंबर उष्णतेचा.

धंद्यात नवा होतो तेव्हा मीही स्वतःच्या गाडीला उघडा कोन लावला होता. आवाज झकास. दोन-तीन आठवडे खुशीत होतो. मग एक दिवस गर्दीत अर्धा तास अडकलो. सिग्नल सुटला, पाय दाबला, आणि गाडी ओल्या पोत्यासारखी हलेना. स्कॅनर जवळ होताच. बाहेर ३१ अंश, इन्टेकच्या हवेचं तापमान ६४. मी इंजिनाला त्याचीच तापलेली वाफ परत पाजत होतो. रेडिएटरमधून आलेला गरम वारा बॉनेटखाली साठतो आणि उघडा कोन तोच पितो.

याचाही हिशोब बघा. हवेची घनता केल्व्हिनमधल्या तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३० अंश म्हणजे ३०३ केल्व्हिन, ६० म्हणजे ३३३. घनता नऊ टक्क्यांनी उतरते. प्रत्यक्षात ताकद तेवढी जात नाही, कारण सिलिंडरच्या गरम भिंतींपाशी थंड हवाही तापतेच. डायनोवरच्या (ताकद मोजायच्या यंत्रावरच्या) दुरुस्तीच्या सूत्रात तापमान वर्गमुळात धरतात, त्या हिशोबाने साडेचार टक्के जातात. वर पेट्रोल इंजिनाचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) गरम हवा बघून नॉकिंगच्या, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून इंजिन ठोकण्याच्या, भीतीने स्पार्क मागे घेतो, ते नुकसान वेगळं. फिल्टरमधून मिळवायचा होता दीड-दोन टक्का. ही उधारी फेडता फेडता तो केव्हाच संपतो.

धावत्या गाडीत हे तापमान उतरतं हे खरंय. म्हणून कोन लावलेली गाडी मोकळ्या रस्त्यावर छान वाटते आणि गर्दीत मरते. डायनोवर बॉनेट उघडं ठेवून समोर मोठा पंखा लावतात, तेव्हा तर ती फारच छान वाटते. किटच्या खोक्यावर छापलेला आलेख कुठल्या परिस्थितीतला आहे हे विचारत चला.

नळी ॲल्युमिनियमची की प्लास्टिकची यावर लोक रात्र रात्र भांडतात. त्यात फारसा दम नाही. सेकंदाला ८० लिटर हवा ६५ मिलिमीटरच्या नळीतून २४ मीटर प्रति सेकंद वेगाने जाते. ६० सेंटिमीटरची नळी ती सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्श्यात पार करते. एवढ्यात ती तापणार किती? आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) हवा रेंगाळते तेव्हा नळी तापवते, पण तेव्हा ताकद हवीय कुणाला. हवा कुठून घेतली हे महत्त्वाचं, कशातून आणली हे नाही. तसंच समोर स्कूप लावून वाऱ्याने हवा कोंबण्याचं: ताशी १०० किलोमीटरला वाऱ्याचा पूर्ण दाब अर्ध्या किलोपास्कलहून कमी भरतो. स्कूपने थंड हवा आणली तर तिचं काम झालं, दाबाचं नाव नको.

दुसरी गोष्ट हवा मोजणारा सेन्सर. तुमच्या गाडीत फिल्टरच्या डब्याला लागून मॅफ सेन्सर असेल तर हे नीट वाचा, मॅपवर चालणारी असेल तर पुढच्या परिच्छेदावर जा. मॅफमध्ये एक तापलेली बारीक तार असते. तिच्यावरून जाणारी हवा तिला किती थंड करते यावरून ईसीयू हवेचं वजन ओळखतो. पण ती तार नळीच्या मधला एवढासा भाग बघते, बाकीचा हिशोब नळीच्या ठरलेल्या व्यासावर चालतो. किटवाल्याने ६५ च्या जागी ७० मिलिमीटरची नळी दिली तर छेद १६ टक्क्यांनी वाढला. हवा तेवढीच आली तरी तारेला ती मंद वाटते, ईसीयूला कमी हवा कळते, पेट्रोल कमी सुटतं आणि मिश्रण पातळ होतं. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बघून ईसीयू ते सावरतो, स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (पेट्रोल किती टक्के वाढवावं लागतंय तो आकडा) अधिक दहा-पंधराला जाऊन बसतं, आणि काही दिवसांनी इंजिनाचा दिवा लागून पी०१७१, म्हणजे ‘मिश्रण पातळ’, हा कोड येतो. पूर्ण थ्रॉटलवर बऱ्याच गाड्या ऑक्सिजन सेन्सरचं फार ऐकत नाहीत, आणि पातळ मिश्रणाची झळ तिथेच सगळ्यात जास्त. गंमत अशी, की थोडं पातळ झालेलं इंजिन काही वेळा चलाख वाटतं. काही किटचा ‘पिकअप’ हाच असतो. कंपनीचा डबा सेन्सरच्या आधी हवा सरळ करून देतो हेही विसरू नका. वाकणाला लागून बसवलेला सेन्सर घोळ घालतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कापडी फिल्टरचा. तेल लावलेला कापडी फिल्टर स्वच्छ असताना कागदापेक्षा थोडी जास्त मोकळी हवा देतो. ती जास्तीची हवा म्हणजे नळीवरचे तीन-चार सेंटिमीटर असतात. बदल्यात धूळ किती सोडतो हे बघायचं. फिल्टरची चाचणी आयएसओ ५०११ या मानकाप्रमाणे होते. घेणार असाल तर त्या चाचणीचा आकडा मागा, नुसतं ‘हाय फ्लो’ हे शब्द नकोत. आणि तो आकडा उलटा वाचा. ९९ टक्के अडवणारा आणि ९७ टक्के अडवणारा यांच्यात दोन टक्क्यांचा फरक दिसतो, पण पहिला शंभरातला एक कण सोडतो आणि दुसरा तीन. तिप्पट धूळ. धुळीतलं क्वार्ट्झ मोह्सच्या मापात ७ कठिणतेचं, साधी पोलादी सुरी साडेपाचच्या आसपास. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये ते काय करत असेल ते सांगायला नको. शिवाय धुतल्यावर हौसेने जास्त तेल लावलं तर ते उडून मॅफच्या तारेवर बसतं.

कापडी फिल्टर वाईटच असतो असं मी म्हणत नाही. नीट बसणारा, मोजून तेल लावलेला, वेळेवर धुतलेला फिल्टर वर्षानुवर्षं चालवणारी माणसं मला माहीत आहेत. पण ती माणसं बारकाईने काम करणारी असतात. ज्याला टायरमध्ये हवा भरायची आठवण राहत नाही त्याने या फंदात पडू नये. कुठलाही फिल्टर असो, हजारेक किलोमीटरनंतर त्याच्या पुढच्या नळीत पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर भुरका थर आला तर फिल्टर गाळत नाहीये किंवा कडेने हवा चोरतोय. यात दोष बहुधा कडेचाच निघतो: रबराची कड दुमडलेली, नाहीतर झाकणाची एक क्लिप तुटलेली. आणि कागदी फिल्टर थोडा मळला म्हणून घाईने फेकू नका, कॉम्प्रेसरची हवा मारून कागदही फाडू नका. वर साचलेली पातळ धूळ स्वतःच गाळणी होते, थोडा वापरलेला कागद कोऱ्या कागदापेक्षा बारीक गाळतो.

पाण्याबद्दल एकच. थंड हवा मिळावी म्हणून काही किटमध्ये फिल्टर बंपरच्या खाली, चाकाजवळ नेतात. तुमच्या इंजिनाचा एक सिलिंडर ४०० सीसीचा. कॉम्प्रेशन साडेदहास एक धरलं तर पिस्टन वर पोचल्यावर उरते ती जागा ४२ सीसी. खोकल्याच्या औषधाची चार टोपणं. तेवढं पाणी एका सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीने सोंडेचं तोंड उंचावर ठेवलंय आणि डब्याच्या तळाला बारीक भोक ठेवलंय, ते याचसाठी. ते भोक पानाने किंवा चिखलाने बुजलंय का हे अधूनमधून बघत जा.

मग मी डबे बसवतो ते कुणाला? ज्यांचं इंजिन मुळातलं राहिलेलं नाही त्यांना. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललेली, मोठा टर्बो घातलेली, नव्या मॅपिंगने (ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून) ताकद वाढवलेली गाडी. तिची हवेची भूक वाढलेली असते, आणि वर्गाच्या हिशोबाने हवा दीडपट झाली की नळ्यांमधला तोटा सव्वादोनपट होतो. टर्बो गाडीत आणखी एक खोच आहे. ईसीयू ठरलेला बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) गाठायचाच असं धरून चालतो, त्यामुळे डब्यात अडलेलं टर्बो जास्त फिरून भरून काढतो आणि मुळातल्या मॅपिंगवर नव्या डब्याचा फरक जवळपास दिसतच नाही. पण टर्बो आधीच शेवटच्या टोकाला फिरत असेल, तर टर्बोच्या आधी गेलेले चार किलोपास्कल फार महाग पडतात: १८० चा दाब १०० पासून गाठायचा तर गुणोत्तर १.८, ९६ पासून गाठायचा तर १.८७५, आणि हवा तेवढी जास्त तापते. अशा गाडीला मोठा, बंद, समोरून थंड हवा घेणारा डबा नक्की द्यावा. बंद हा शब्द महत्त्वाचा. तीन बाजूंना पत्रा आणि चौथी बाजू उघडी, याला डबा म्हणत नाहीत. झाकण किंवा बॉनेटला टेकणारी रबरी पट्टी हवीच. बसवल्यावर इन्टेकच्या हवेचं तापमान चालत्या गाडीत बाहेरच्यापेक्षा पाच-दहा अंशांहून वर राहत असेल तर तो परत करा.

आणखी एक, बसवणारे हमखास विसरतात ते. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, क्रँकच्या पोकळीतून) येणारी ब्रीदर नळी फिल्टरच्या पुढे इन्टेकला जोडलेली असते. नव्या किटमध्ये तिला जागा नसली की ती उघडी सोडतात किंवा टोकाला टिचभर फिल्टर खोचतात. मॅफवाल्या इंजिनात तिथून न मोजलेली हवा शिरते आणि आयडल नाचायला लागतो. किट घेण्याआधी त्या नळीचं तोंड कुठे जोडायचं ते दाखवायला सांगा.

तुमच्या गाडीपुरतं म्हणाल तर आधी नवा कागदी फिल्टर, सोंडेत बोट घालून तपासणी, मग नळी. १५ सेंटिमीटरच्या आत पाणी राहिलं तर विषय बंद. २०-२५ ला गेलं आणि मन मानत नसेल तर मोठी सोंड शोधा, डबा तोच ठेवा. ३० च्या वर गेलं तर आकडे घेऊन या, फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन्ही. आणि मोजून झाल्यावर डबा बंद करताना झाकणाच्या मागच्या बाजूचे हूक आधी खाचेत बसवा, मग पुढच्या क्लिपा लावा. पुढून बंद दिसणारं झाकण मागे बोटभर उघडं राहिलेलं मी इतक्या गाड्यांत पाहिलंय, की हल्ली बॉनेट उघडलं की माझा हात आधी तिथेच जातो.